लिंबावरच्या चंदेरी रेघा, काजूवरचे पांढरे फोड: औषधाआधी पालवी बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गुहागरच्या बाजूला घर, मागे आगर, त्यात माड-पोफळींच्या कडेने कागदी लिंबाची पाच-सहा झाडं. वर कातळाच्या कडेला दोन वर्षांपूर्वी लावलेली काजूची कलमं. लिंबाच्या कोवळ्या पानांवर चंदेरी नागमोडी रेघा आल्यात आणि पानं वळलीत. काजूच्या नव्या पालवीवर पांढरे फोड येतात, ते वाळतात आणि पानाला भोकं पडतात. शेजाऱ्यांनी बुरशी म्हणून सांगितलं, दुकानातून बुरशीनाशक आणून दोन फवारण्या झाल्या, रेघा जशाच्या तशा. आता तुम्हाला विचारायचंय की जोरदार औषध कुठलं, हा रोग लिंबावरून काजूवर गेला का, आणि उद्या हापूसवर जाणार का. शिवाय मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी यातून निघणारा पतंग बघायचाय.

मी दापोली तालुक्यात रोपवाटिका चालवतो, काजू-आंब्याची कलमं आणि थोडी लिंबाची रोपं. ही तक्रार दरवर्षी भात कापणीच्या सुमारास सुरू होते आणि जवळजवळ प्रत्येकजण पहिला प्रश्न औषधाचा विचारतो. पण इथे औषध दुय्यम आहे. अळी कोणती आणि झाड आत्ता पालवीच्या कुठल्या टप्प्यात आहे, या दोन गोष्टी कळल्या की निम्म्या वेळा फवारणीची गरजच उरत नाही. उरलेल्या निम्म्या वेळा फवारणी कधी करायची ते कळतं.

आधी तीन गोष्टी सांगून टाकतो. ही बुरशी नाही, पानाच्या आत राहून पान पोखरणारी पतंगाची अळी आहे, जिला नागअळी म्हणतात, त्यामुळे बुरशीनाशकाने काही होणार नव्हतं. लिंबावरची आणि काजूवरची अळी वेगवेगळ्या पतंगांची आहे, एकीची दुसरीकडे लागण होत नाही. आणि आत्ता पानावर ज्या रेघा आहेत त्या कुठल्याच औषधाने जाणार नाहीत, कारण ते काम होऊन गेलंय. म्हणजे तुमच्या फवारण्या फुकट गेल्या हे खरं, पण रेघा राहिल्या हा काही त्याचा पुरावा नव्हे. अगदी बरोबर औषध मारलं असतं तरी रेघा राहिल्याच असत्या. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण रेघ गेली नाही म्हणून लोक दर आठवड्याला औषध बदलत बसतात.

आता लिंबाचं एक पान तोडा. जून नको, शेंड्याकडचं, अजून पोपटी असलेलं. उजेडासमोर धरून रेघ कुठून सुरू होते ते शोधा. बहुतेकदा पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेजवळ, रेघ दोऱ्याइतकी बारीक असते. मादीने अंडं तिथे घातलेलं होतं, पारदर्शक, टाचणीच्या डोक्याहूनही लहान. तिथून रेघ वळणं घेत रुंद होत जाते, कारण अळी आत चालता चालता वाढते. रेघेच्या मधोमध काळपट धागा दिसेल, ती विष्ठा. रेघेच्या रुंद टोकाला भिंगाने पाहिलंत तर पिवळसर हिरवी, चपटी, पाय नसलेली अळी दिसेल, पूर्ण वाढली तरी साधारण तीन मिलिमीटर. टोकाला अळी नसेल तर रेघ पानाच्या कडेपर्यंत गेली आहे का बघा. तिथे पानाची कड किंचित मुडपलेली असेल आणि आत रेशमाचा कोष. कड टाचणीने अलगद उघडली तर तपकिरी कोष हाताला लागतो.

रेघ चंदेरी का दिसते? अळी पानाच्या आरपार खात नाही. ती फक्त सगळ्यात वरचा पातळ पापुद्रा सोडवत, त्याखालच्या पेशी फोडून त्यातला रस पीत पुढे जाते. पापुद्रा सुटला की खाली हवा शिरते आणि त्या हवेवरून उजेड परततो. खालचा हिरवा भाग बराचसा शाबूत असतो. म्हणूनच रेघा असलेलं लिंबाचं पान मेलेलं नसतं, ते अन्न बनवत असतं. ते वळतं याचं कारण वेगळं: पान वाढायच्या दिवसांत एका बाजूचा पापुद्रा निकामी झाला, ती बाजू ताणली जात नाही, दुसरी वाढत राहते, मग पान कुरळं होतं. एकदा पान जून होऊन कडक झालं की ही अळी त्याला काही करू शकत नाही. मादी अंडी घालते तीच मुळी एक-दोन सेंटिमीटरच्या कोवळ्या पानांवर.

ही फिलोक्निस्टिस सिट्रेला. स्टेनटन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १८५६ मध्ये कलकत्त्याच्या नमुन्यांवरून तिचं नाव नोंदवलं. मूळ इकडचीच, आशियातली. पतंग पंख पसरून जेमतेम चार मिलिमीटर, पांढरट चंदेरी, पुढच्या पंखाच्या टोकाला काळा ठिपका, पंखांच्या कडेला लांब झालर. दिवसा दिसत नाही, संध्याकाळ-पहाटेचा कारभार. एक मादी साधारण पन्नासेक अंडी घालते. कोकणातल्या उबेत अंड्यापासून पतंगापर्यंत दोन-तीन आठवडे पुरतात. म्हणजे झाडावर सतत कोवळी पानं असतील तर पिढीमागून पिढी तिथेच होत राहते. तुमच्या लिंबांचा मूळ घोळ बहुधा इथे आहे, त्याकडे पुढे येतो.

काजूवरची अळी निराळी. तिचं आताचं शास्त्रीय नाव एटिओरिक्टिस सिंग्राम्मा, जुन्या पुस्तकांत अ‍ॅक्रोसरकॉप्स सिंग्राम्मा म्हणून सापडेल. १९१४ मध्ये एडवर्ड मेरिक या इंग्लंडमधल्या शाळामास्तरांनी हिला नाव दिलं. सूक्ष्म पतंगांची हजारो नावं एकट्या या गृहस्थांची आहेत. घराणं लिंबावरच्या अळीचंच, पण वागणूक वेगळी. सुरुवातीला हीसुद्धा पापुद्र्याखाली बारीक रेघ पाडते, पण लवकरच रेघ सोडून ऐसपैस पसरते, आणि तिचा राखाडी-पांढरा फोड होतो. एका पानावर तीन-चार अळ्या असल्या की फोड एकमेकांना मिळतात. पान वाढतं तसा फोडाचा भाग वाळतो, फाटतो, गळून जातो. तुम्ही लिहिलेली भोकं तीच. फोड ताजा असताना पापुद्रा नखाने सोलून बघा: लहान अळी फिकट पांढरी, पूर्ण वाढलेली तांबूस. तांबूस झाली की ती पान सोडते, खाली मातीत उतरते आणि तिथे कोषात जाते. लिंबावरची मात्र पानातच राहते. हा फरक उपायांच्या वेळी कामाला येईल.

आता एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्याचं. यातली कुठलीही अळी जन्मापासून पूर्ण वाढेपर्यंत एकाच पानात कोंडलेली असते. आवडलं नाही म्हणून शेजारच्या फांदीवर जाण्याची तिला सोय नाही. त्या पानात जो चीक, जे तेल, जो तुरटपणा आहे तो पचवता आला तरच ती जगते. म्हणून पानं पोखरणारे पतंग झाडांच्या बाबतीत फार चोखंदळ असतात, बहुतेक जण एका कुळापलीकडे जात नाहीत. लिंबावरची अळी लिंबाच्या कुळात फिरते: कागदी लिंबू, ईडलिंबू, महाळुंग, पपनस, मोसंबी, तशीच बेलावर आणि कुंतीवरही. कुंपणाला कुंती असेल तर तिची नवी फूट एकदा तपासा. काजू हे आंब्याच्या कुळातलं झाड, बिब्ब्याच्याही. ही दोन कुळं वेगळी, म्हणून लिंबावरून काजूवर काही गेलेलं नाही. दोन्ही झाडांना एकाच वेळी पालवी आली आणि दोघांचे पाहुणे एकाच वेळी आले, एवढंच.

मग हापूसचं काय? तिथे तुमची शंका बरोबर आहे. काजूवरची ही अळी आंब्याच्या कोवळ्या पानांवरही होते. गंमत अशी की काजू हे झाड ब्राझीलचं, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात इकडे आणलं, आणि अळी मात्र आपल्या बाजूची. म्हणजे काजू येण्याआधी ती आंब्यावर किंवा आंब्याच्या कुठल्यातरी रानटी भाऊबंदावर जगत असणार आणि नवा नातेवाईक दाराशी आल्यावर त्याच्याकडे वळली असणार, असा माझा तर्क. पण म्हणून हापूसची झोप उडवून घेऊ नका. मोठ्या कलमाच्या हजारो पानांत शे-दोनशे पानांना फोड आले तर झाडाला कळतही नाही. हापूसवर लक्ष ठेवायचंच तर तुडतुडे आणि करपा यांच्यावर ठेवा. कोकम, फणस, माड, पोफळ यांना या दोन्ही अळ्यांपासून काही धोका नाही.

भाजीच्या वाफ्यात चवळी, वाल, टोमॅटो, काकडी असेल आणि तिथेही पांढऱ्या रेघा असतील तर ते तिसरंच प्रकरण. ती पतंगाची अळी नसून एका बारीक पिवळ्या-काळ्या माशीची असते. ही माशी १९९० च्या सुमारास बाहेरून भारतात शिरली आणि भाज्यांवर पसरली. तिच्या रेघेत विष्ठेचा सलग धागा नसतो, ठिपके एकदा या कडेला एकदा त्या कडेला असे पडत जातात, आणि पानावर सुईने टोचल्यासारखे बारीक पांढरे ठिपके दिसतात. दुकानात दोघींना नागअळीच म्हणतात आणि बाटली एकच देतात. टोमॅटोवर मात्र आणखी एक शक्यता धरा: पानात मोठे पारदर्शक डाग, आणि फळाला देठाजवळ भोक असेल तर तो टुटा. तो पतंगच आहे. दक्षिण अमेरिकेतून निघून युरोप-आफ्रिकेमार्गे २०१४ मध्ये आपल्याकडे आला, पहिल्या नोंदी पुण्याच्या बाजूच्या. तुमच्या प्रश्नात भाजी नाही म्हणून इथेच थांबतो.

आता उपाय. यातलं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती तुम्हालाच बघायची आहे. झाड किती वर्षांचं, पालवी एकदम येते की तुटक तुटक, आगराला शिंपणं कसं आहे, आजूबाजूला कोण काय फवारतं, लिंबावर खैऱ्या हा जिवाणूजन्य रोग आहे का. त्यामुळे मी करतो तसंच तंतोतंत करा असं म्हणणार नाही, फक्त मी काय बघून ठरवतो ते सांगतो.

लिंबापासून सुरू करू. झाड चार-पाच वर्षांचं होऊन डेरेदार झालं असेल तर मी या अळीसाठी काहीही फवारत नाही. पानं कुरूप दिसतात, फळाला काही होत नाही. झाड लहान असेल, वर्ष-दोन वर्षांचं, तर गोष्ट वेगळी. त्याच्याकडे पानंच थोडी, त्यातली निम्मी वळली की वाढ अडते. तिथे हात घालायचा.

पण हात घालायची पहिली जागा पंप नाही, मोरी आहे. आपल्याकडे लिंबू बहुतेक घरी मोरीच्या नाहीतर न्हाणीच्या पाण्यावर असतं. बारमाही ओल, वर शेणखत आणि कोणी हौसेने टाकलेला युरिया. असं झाड वर्षभर तुटक तुटक फुटत राहतं, आज ही फांदी, आठ दिवसांनी ती. अळीला एवढंच हवं असतं. तेच झाड थोडं ताणावर ठेवलं की पालवी ठरावीक वेळी एकदम येते, महिन्याभरात जून होते आणि मधल्या काळात मादीला अंडी घालायला जागाच राहत नाही. म्हणून मोरीचं पाणी पाळीपाळीने दोन-तीन झाडांकडे वळवा, नत्राचं खत एकदम न देता विभागून आणि पालवीच्या हिशेबाने द्या. खोडावर सरळसोट वाढणारे जोमदार धुमारे आणि कलमाच्या जोडाखाली खुंटाला आलेली फूट काढून टाका, तिथे अळी सगळ्यात जास्त असते आणि त्या फुटीचा तुम्हाला उपयोगही नाही. छाटणी मात्र जराशी इथे, जराशी तिथे अशी वर्षभर करत राहू नका. प्रत्येक कापाखाली नवी फूट येते. वर्षातून एकदा, ठरवून.

रेघा असलेली पानं खुडून टाकावी का, असंही बरेच जण विचारतात. लिंबाची खुडू नका. एक तर ती अजून हिरवी आहेत आणि काम करताहेत. दुसरं, त्यातल्या कितीतरी रेघांत अळीऐवजी तिचा शत्रू बसलेला असतो, आणि पान खुडलं की तो मरतो. हा शत्रू म्हणजे चिलटाहून लहान अशी परोपजीवी गांधीलमाशी. तिची मादी पापुद्र्यावरून अळी हेरते, आत अंडं घालते, आणि तिचं पिल्लू अळी खाऊन त्याच रेघेत कोषात जातं. भिंगाने बघताना रेघेच्या टोकाशी पिवळसर अळीऐवजी काळपट, न हलणारा, रेशमाविना उघडा कोष दिसला तर तो तिचा. रेघा मोजण्यापेक्षा मी हे मोजतो. दहा-पंधरा रेघा उघडून बघायच्या. त्यात काळे कोष आणि वाळलेल्या, मेलेल्या अळ्या बऱ्याच सापडल्या तर पंप बाहेर काढायचा नाही.

याचं महत्त्व किती ते फ्लोरिडात दिसलं. ही अळी १९९३ मध्ये तिथे पोचली, शत्रू मात्र इकडेच राहिले. एका वर्षात तिथल्या संत्र्या-लिंबाच्या बागांत ती सगळीकडे झाली. मग तिथल्या संशोधकांना आशियातल्या मूळच्या परोपजीवी माश्या शोधून नेऊन सोडाव्या लागल्या, त्यातली एजेनिआस्पिस नावाची माशी चांगली रुजली. आपल्या आगरात ही फौज आयतीच आहे. लोक झटकन परिणाम दिसावा म्हणून सरसकट मारणारं कडक कीटकनाशक मारतात, तेव्हा पापुद्र्याखालची अळी बरीचशी वाचते आणि बाहेर फिरणारी माशी मरते. पुढच्या पालवीला अळी दुप्पट. मग अजून कडक औषध. हे चक्र मी शेजारपाजारच्या वाड्यांत बरंच पाहिलंय.

तरी लहान लिंबाला फवारायची वेळ आलीच, काळे कोष सापडले नाहीत आणि शेंड्यामागून शेंडा वळतोय, तर मी निंबोळीवर जातो. कोकणात पावसामुळे कडुनिंब कमी, निंबोळ्या घाटावरून मागवाव्या लागतात. त्या मिळाल्या तर पाच टक्के अर्क: दहा लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळी पावडर, फडक्यात बांधून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायची, सकाळी पिळून गाळायची, पाणी दहा लिटर करायचं, चिकटायला थोडा साबणचुरा. नाही मिळाल्या तर तयार निंबोळीयुक्त औषध, डब्यावरच्या प्रमाणात. वेळ महत्त्वाची: नवी पानं बोटाच्या पेराएवढी असतानाच, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला लागेल असं. मादीला अंडी घालण्यापासून परावृत्त करणं आणि नुकत्या निघालेल्या अळीला गाठणं, एवढीच अपेक्षा. पालवी वाढत असेतो आठ-दहा दिवसांनी आणखी एकदा. पानं कडक झाली की थांबायचं. पानं वळून गेल्यावर मारलेला अर्क वाया. रासायनिक औषध वापरायचंच ठरवलंत तर डब्यावर तुमच्या पिकाचं आणि किडीचं नाव आहे का ते वाचून घ्या. हे लिंबू तुमच्याच ताटात येणार आहे.

लिंबाच्या बाबतीत मला अळीपेक्षा जास्त भीती खैऱ्याची वाटते. कोकणच्या पावसात कागदी लिंबाला हा जिवाणूजन्य रोग हमखास असतो, पानांवर, फांद्यांवर, फळांवर खरखरीत तपकिरी उंचवटे आणि भोवती पिवळी कडा. पावसाच्या थेंबांबरोबर उडालेल्या जिवाणूंना अळीने उघडी केलेली वाट आयती मिळते. तुमच्या वळलेल्या पानांवर रेघेच्या कडेकडेने असे उंचवटे दिसत असतील तर लहान-मोठं झाड न बघता लक्ष घाला. पावसाआधी रोगट फांद्या छाटून जाळा. पोफळींना कोळेरोगासाठी एक टक्का बोर्डो तुम्ही मारत असालच: किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी. तेच ताजं मिश्रण लिंबालाही चालतं. मारण्याआधी लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला, नाहीतर कोवळी पानं करपतील. बोर्डोने अळी मरत नाही, जखमेतून शिरणारा रोग अडतो. शेजाऱ्यांचा बुरशीचा सल्ला एवढ्यापुरता कामाला येतो म्हणा.

काजूकडे वळू. कलमं दोन वर्षांची आहेत, म्हणजे इथे दुर्लक्ष करून चालणार नाही. मोठ्या काजूला ही अळी सहन होते, पण दोन वर्षांच्या कलमाची पावसानंतरची पालवी हीच त्याची वर्षाची कमाई. आधी एक खात्री करून घ्या, की हा ढेकण्या नव्हे. ढेकण्या कोवळ्या शेंड्यांतला रस शोषतो, तिथे तपकिरी-काळे चट्टे पडतात, शेंडा मान टाकून वाळतो, कधी डिंक येतो. पांढरा फोड ढेकण्याचा कधीच नसतो. समुद्र जवळ असेल तर खाऱ्या वाऱ्याने पानाच्या कडा करपतात, तेही वेगळं, ते कडेपासून आत येतं आणि जून-कोवळं बघत नाही.

फोड अळीचेच असतील तर कलमांमधून एक फेरी मारा आणि फोड ताजे असलेली, आत फिकट अळी असलेली पानं खुडून पिशवीत भरून जाळून टाका. लिंबाला नको म्हटलं आणि काजूला हो म्हणतोय, कारण काजूचं फोडाचं पान तसंही फाटून जाणार असतं, आणि अळी तांबूस होऊन मातीत उतरण्याआधी तिला तिथेच गाठता येतं. फोड वाळून भोक पडलेलं पान खुडण्यात मतलब नाही, अळी केव्हाच खाली गेली. कलमं शंभरच्या आत असतील तर एका गड्याचं सकाळचं काम. जास्त असतील तर नवी पालवी तांबूस-कोवळी असताना निंबोळीची फवारणी, लिंबाला सांगितली त्याच हिशेबाने.

आणि भागात ढेकण्याचा त्रास असेल, कलमं फळाला आली असतील, तर पालवी, मोहोर आणि फळधारणा अशा तीन टप्प्यांवर ढेकण्यासाठी फवारण्या होतातच. त्यातली पालवीची फवारणी या अळीलाही पुरते, वेगळी करू नका. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचं फळसंशोधन केंद्र यांनी दिलेलं काजूचं वेळापत्रक तालुका कृषी कार्यालयात मिळेल, औषध आणि प्रमाण त्यातूनच घ्या. फुललेल्या मोहोरावर सकाळी मधमाश्या-माश्या असताना फवारणं टाळा, काजूची फळधारणा त्यांच्यावर आहे. झाडावर पानं शिवून घरटी करणारे लाल मुंगळे असतील तर चावतात म्हणून जाळू नका. फोडातल्या अळीला ते फारसं काही करत नसले तरी ढेकण्याला झाडावर टिकू देत नाहीत.

महिन्यांचं म्हणाल तर धो धो पावसात दोन्ही अळ्या मला कमी दिसतात. भाद्रपद सरता सरता ऊन-पाऊस सुरू झाला की वाढतात, आणि काजूवर दिवाळीच्या आगेमागे, पावसानंतरची पालवी फुटते तेव्हा सगळ्यात जास्त. मळभ लांबलं, थंडी उशिरा पडली की पालवीही लांबते आणि अळीही. त्यामुळे कॅलेंडर बघून फवारणीची तारीख ठरवू नका, शेंडे बघून ठरवा.

मुलीच्या प्रकल्पासाठी लिंबावरची अळी सोपी. कड मुडपलेली, आत कोष असलेली चार-पाच पानं देठासकट काढा. काचेच्या बरणीत तळाला ओलसर, पण पाणी न सुटणारा टिपकागद ठेवून त्यावर पानं घाला, तोंडाला मलमलीचं फडकं रबराने घट्ट बसवा. जाळी नको, पतंग तिच्यातून निघून जाईल. बरणी उन्हात ठेवू नका, आत घाम धरला तर फडकं थोडा वेळ काढून पुसा. आठवडा-दीड आठवड्यात पतंग निघतो. तो इतका लहान असतो की पहिल्यांदा धूळच वाटेल, बरणी काळ्या कागदावर ठेवून भिंगाने बघायला सांगा. काजूची करायची असेल तर पूर्ण वाढलेल्या तांबूस अळ्या असलेली पानं घ्या आणि बरणीत दोन बोटं चाळलेली, किंचित ओली माती घाला, अळी पान सोडून तिच्यात जाते. प्रत्येक बरणीवर झाडाचं नाव आणि पान काढल्याची तारीख लिहायची, झाडाचं नाव नसेल तर पतंग ओळखायला फार अवघड जातो. एखाद्या बरणीतून पतंगाऐवजी काळी बारीक माशी निघाली तर प्रकल्प फसला असं तिला वाटू देऊ नका, तीच ती परोपजीवी माशी. किती पानांतून पतंग आले आणि किती पानांतून माश्या, हे तिने वहीत लिहिलं तर तुम्हालाही फवारायचं की नाही ते त्यावरून ठरवता येईल.

काजूच्या एका ताज्या फोडाचा, पापुद्रा सोललेला फोटो आणि लिंबाच्या वळलेल्या पानाच्या खालच्या बाजूचा फोटो पाठवलात तर खैऱ्या आहे की नाही ते नक्की सांगतो. कलमं कुठल्या जातीची आणि एकंदर किती, तेही लिहा.